वेचणीच्या वहीपासून प्रोग्रॅमिंगपर्यंत: स्वतःचे साधन स्वतः घडवून शिकण्याची वाट

विदर्भातल्या गावागावांत आज असे पुष्कळ तरुण-तरुणी आहेत, ज्यांच्याकडे एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र आहे, ज्यांनी महाविद्यालयात संगणकाचा विषय घेतला आहे, प्रोग्रॅमिंगचे अनेक व्हिडिओही पाहिले आहेत, आणि तरीही कोरी फाइल समोर आली की पहिली ओळ काय लिहावी हे ज्यांना सुचत नाही. दोष त्यांच्या बुद्धीचा नाही. त्यांना सरावासाठी जी उदाहरणे मिळतात, ती कोणाच्याच गरजेची नसतात. त्यामुळे उत्तर बरोबर आले काय किंवा चुकले काय, कोणाचे काही अडत नाही. या लेखात सुचवलेली वाट वेगळी आहे. आपल्या घरी किंवा शेजारी प्रत्यक्ष ठेवला जाणारा एखादा हिशोब निवडावा, त्यासाठी लागणारे साधन तयार न घेता कोऱ्या फाइलपासून स्वतः लिहावे, आणि ते साधन एक हंगामभर खरोखर वापरात ठेवावे. प्रोग्रॅमिंगमधील बहुतेक महत्त्वाच्या गोष्टी त्या एका साधनाच्या मागे मागे आपल्यापर्यंत चालत येतात.

हाताने काही घडवता घडवता शिकावे हा विचार या भूमीला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी जी योजना मांडली, जी पुढे नयी तालीम म्हणून ओळखली गेली, तिचा गाभाच हा होता की उत्पादक हस्तोद्योग हे शिक्षणाचे माध्यम असावे. सॉफ्टवेअरच्या इतिहासातही हेच दिसते. लॅरी वॉल यांनी मजकुरातून अहवाल काढण्याच्या स्वतःच्या कामासाठी पर्ल ही भाषा तयार केली आणि १९८७ साली ती सर्वांना दिली. लिनस टॉरवाल्ड्स यांच्या लिनक्स या संगणकप्रणालीच्या प्रकल्पाला फाइलींतील बदलांचा माग ठेवणारे आधीचे साधन विनामूल्य मिळेनासे झाले, तेव्हा त्यांनी २००५ साली त्याच कामासाठी गिट लिहायला घेतले. दोघांनाही आधी एक काम होते आणि साधन त्या कामातून आले.

उदाहरण म्हणून येथे कापूस वेचणीच्या मजुरीचा हिशोब घेतला आहे. ज्यांच्याकडे संत्र्याची बाग आहे, दूध संकलन आहे किंवा बचत गटाची वही आहे, त्यांनी आपापला हिशोब घ्यावा. पायऱ्या बहुतांशी त्याच राहतील.

साहित्य

जुना लॅपटॉप किंवा डेस्कटॉप पुरतो. चार जीबी रॅम असली तर काहीच अडचण नाही. भाषा पायथन घ्यावी. गुइडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेली ही भाषा विनामूल्य आहे, तिची वाक्यरचना मोजकी आहे आणि देवनागरी मजकूर ती चांगला हाताळते. विंडोजसाठीची स्थापना फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते. स्थापना करताना पहिल्याच खिडकीत पायथनला 'पाथ'मध्ये, म्हणजे संगणक आज्ञा जेथे शोधतो त्या यादीत, घालण्याची एक चौकट असते. तिच्यावर खूण करायला विसरू नये, नाहीतर पुढे आज्ञा दिली की संगणक पायथन सापडत नाही असे सांगतो आणि नवशिक्याचा पहिला दिवस तेथेच वाया जातो. संगणकावर अजून विंडोज ७ असेल तर पायथन ३.८ घ्यावे, कारण त्यानंतरच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत.

संगणकच नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे आज्ञा टंकून प्रोग्रॅम चालवू देणारे अ‍ॅप एफ-ड्रॉइड या अ‍ॅप-भांडारावरून घ्यावे आणि त्यात 'पीकेजी इन्स्टॉल पायथन' ही आज्ञा द्यावी. या लेखात सर्व आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टंकताना त्या इंग्रजी अक्षरांत लिहायच्या असतात. फोनच्या लहान पडद्यावर लांब प्रोग्रॅम लिहिणे कष्टाचे आहे, परंतु अशक्य नाही, आणि ज्याच्याकडे दुसरे काही नाही त्याने त्यासाठी थांबू नये.

नेटवर्कचा भरवसा नसलेल्या गावात आणखी एक गोष्ट करावी. पायथनची अधिकृत माहितीपुस्तिका संपूर्ण उतरवून घेता येते. तालुक्याला गेल्यावर ती एकदा घेऊन ठेवावी. शिवाय पायथनमध्ये 'हेल्प' लिहून कंसात कोणत्याही आज्ञेचे नाव दिले की तिची माहिती इंटरनेटशिवाय तेथेच दिसते. तिचे इंग्रजी सुरुवातीला जड वाटते. तरी दर वेळी तीच दहा-वीस पदे पुन्हा पुन्हा येतात हे थोड्याच दिवसांत लक्षात येईल.

आधी वही पाहावी

संगणकाला हात लावण्याआधी एक संध्याकाळ वावरात काढावी. वेचणी आटोपली की धुऱ्यावर काटा टांगला जातो, एकेकीचे गाठोडे आकड्याला अडकवले जाते, कोणीतरी वजन मोठ्याने सांगतो आणि कोणीतरी ते वहीत लिहितो. हे शांतपणे पाहावे आणि वहीची मागची पाने चाळावीत. गाठोड्याच्या कापडाचे वजन वजा करतात काय? 'पावणेअठरा' असे सांगितलेले वजन वहीत कसे लिहिले जाते? कोणी उचल घेतली असेल तर ती कोणत्या पानावर आहे? मजुरी रोज देतात की आठवडी बाजाराच्या दिवशी? एकाच नावाच्या दोघी असतील तर वही त्यांना वेगळे कसे ओळखते?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न दराचा आहे. पहिल्या वेच्याला बोंडे भरलेली असतात आणि हाताला कापूस लवकर लागतो. शेवटी शेवटी पऱ्हाटीवर थोडाच कापूस उरतो, तेवढ्याच किलोला जास्त वेळ लागतो, आणि दर वाढवून द्यावा लागतो. म्हणजे दर हंगामात बदलतो. जो हे न पाहता प्रोग्रॅम लिहायला बसेल, तो दर एकाच ठिकाणी लिहून ठेवील, आणि ज्या दिवशी दर बदलेल त्या दिवशी मागच्या सगळ्या नोंदींची मजुरी आपोआप बदलून बसेल. ज्याने वही पाहिली आहे, तो प्रत्येक नोंदीसोबत त्या दिवसाचा दर ठेवील. सॉफ्टवेअर घडवण्याचे निम्मे काम हे असे पाहण्याचे असते, आणि गावात राहणाऱ्याला ते शहरातल्या कोणाहीपेक्षा चांगले साधते, कारण ते काम त्याच्या डोळ्यांसमोर चालू असते.

पहिला प्रोग्रॅम

पहिला प्रोग्रॅम तीन ओळींचा असावा. पहिल्या ओळीत वजन, दुसऱ्या ओळीत दर, तिसऱ्या ओळीत 'प्रिंट' या आज्ञेने दोघांचा गुणाकार. समजा वजन १७.४ किलो आणि दर किलोला ११ रुपये, उत्तर १९१.४ यायला हवे; पडद्यावर मात्र १९१.३९९९९९९९९९९९९९८ असे दिसते, त्याचे कारण पुढे पैशांच्या हिशोबात येईल. ते आले की आकडे बदलून पुन्हा चालवावे. पायथन ३ मध्ये चलांची, म्हणजे किमती साठवण्याच्या जागांची, नावे देवनागरीत ठेवता येतात, म्हणजे वजनाला सरळ 'वजन' असेच नाव देता येते. मात्र प्रोग्रॅमच्या ओळीत थेट लिहिलेली संख्या इंग्रजी अंकांतच असावी लागते. सुरुवातीला मराठी नावे ठेवण्यात काहीही कमीपणा नाही. आपला विचार आपल्याला स्पष्ट दिसणे अधिक महत्त्वाचे आहे.

त्यानंतर आकडे प्रोग्रॅममध्ये न लिहिता 'इनपुट' या आज्ञेने विचारून घ्यावेत. येथे पहिली ठेच लागते: 'इनपुट'ने आलेली गोष्ट संगणकाच्या लेखी मजकूर असते, संख्या नसते, आणि मजकुराला मजकुराने गुणता येत नाही. तिचे रूपांतर पूर्ण संख्येसाठी 'इंट' किंवा अपूर्णांकासाठी 'फ्लोट' या आज्ञेने करावे लागते. या दोन्ही आज्ञा देवनागरी अंकही ओळखतात, म्हणजे वापरणाऱ्याने १२ असे मराठी अंकांत टंकले तरी त्याची संख्या बरोबर बनते. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या हातात साधन द्यायचे असेल तेव्हा याचा मोठा उपयोग होतो.

चूक झाली की पडद्यावर इंग्रजीत लांबलचक मजकूर येतो आणि नवशिका घाबरून खिडकी बंद करतो. तसे करू नये. तो मजकूर खालून वाचावा. सर्वांत शेवटच्या ओळीत चूक कोणत्या प्रकारची आहे ते असते आणि तिच्या वर कोणत्या ओळीत ती घडली त्याचा क्रमांक असतो. 'नेमएरर' म्हणजे जे नाव वापरले ते संगणकाला ठाऊक नाही, बहुधा टंकताना अक्षर चुकले. 'व्हॅल्यूएरर' म्हणजे संख्या हवी होती तेथे दुसरे काही आले. 'इंडेंटेशनएरर' म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा चुकली, जी पायथनमध्ये अर्थपूर्ण असते. प्रत्येक नवी चूक आणि तिचे कारण एका वहीत लिहून ठेवावे. महिन्याभराने त्या वहीतल्या चुका पुन्हा पुन्हा येताना दिसतील आणि दर वेळी कमी वेळ घेतील.

नोंद टिकवणे

आतापर्यंतचा प्रोग्रॅम बंद केला की सगळे विसरतो. हिशोबाला स्मरण लागते, आणि स्मरण म्हणजे फाइल. तयार डेटाबेसकडे, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या आयत्या प्रणालीकडे, जाण्याचा मोह येथे आवरावा. साधी मजकुराची फाइल घ्यावी आणि प्रत्येक वजनाची एक ओळ लिहावी, अशी:

२०२५-११-०४,शांता,१७४००,११००

दिनांक, नाव, वजन ग्रॅममध्ये, आणि दर पैशांमध्ये. दिनांक वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिण्याचे कारण असे की मजकूर म्हणून लावलेला क्रम आणि काळाचा क्रम मग एकच होतो. फाइलमध्ये अंक मात्र सगळीकडे एकाच लिपीत ठेवावेत. वरची ओळ येथे मराठी अंकांत दिली आहे, पण संगणकाच्या फाइलसाठी इंग्रजी अंक सोयीचे पडतात; पडद्यावर दाखवताना हवे तर मराठी करावेत.

'ओपन' या आज्ञेने फाइल उघडताना दोन गोष्टींकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावे. पहिली गोष्ट उघडण्याच्या पद्धतीची. 'डब्ल्यू' या अक्षराने उघडलेली फाइल उघडताक्षणीच रिकामी होते, मग आपण तिच्यात काही लिहिले असो वा नसो. 'ए' या अक्षराने उघडलेल्या फाइलच्या शेवटी भर पडते. पूर्ण आठवड्याचा हिशोब एका अक्षरापायी जाऊ शकतो. दुसरी गोष्ट एन्कोडिंगची, म्हणजे अक्षरे आकड्यांच्या रूपात साठवण्याच्या पद्धतीची. विंडोजवर पायथन सहसा जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचाने फाइल उघडते, ज्यात देवनागरी नाही, आणि मराठी नाव लिहिताच प्रोग्रॅम थांबतो. म्हणून दर वेळी एन्कोडिंग यूटीएफ-८ (ज्यात देवनागरी बसते) आहे असे स्पष्ट सांगावे. पुढे हीच फाइल एक्सेलमध्ये उघडायची असेल तर त्या प्रतीसाठी 'यूटीएफ-८-सिग' वापरावे. अन्यथा एक्सेल नावांच्या जागी विचित्र चिन्हे दाखवते.

आता फाइल ओळीओळीने वाचणारा दुसरा प्रोग्रॅम लिहावा. 'फॉर'ने एकेक ओळ घ्यावी, 'स्ट्रिप'ने शेवटची मोकळी जागा काढावी, 'स्प्लिट'ने स्वल्पविरामावर तुकडे करावेत. प्रत्येक नावापुढे आठवड्याची बेरीज साठवण्यासाठी 'डिक्शनरी' ही रचना वापरावी: नाव दिले की त्या नावाची रक्कम परत मिळते. नाव पहिल्यांदाच येत असेल तर काय करायचे, हा प्रश्न 'इफ' शिकवतो. ही चार-पाच साधने हातात बसली की भाषेचा रोजच्या वापरातला मोठा भाग हातात आला असे समजावे. येथे घाई करू नये, आणि पाहून टंकण्याऐवजी एकदा लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी कोऱ्या फाइलमध्ये आठवून पुन्हा लिहावा.

बाजाराच्या दिवशी प्रोग्रॅमचे उत्तर आणि वहीतले उत्तर शेजारी शेजारी ठेवावे. दोन्ही जुळेपर्यंत मजुरी वहीप्रमाणेच द्यावी. न जुळल्यास वही चुकली की प्रोग्रॅम, हे एकेक ओळ तपासून शोधावे. ही तपासणी कंटाळवाणी वाटली तरी टाळू नये, कारण समोरच्या बाईने दिवसभर उन्हात वाकून जी वेचणी केली तिचा तो दाम आहे, आणि पाच रुपयांची चूकही तिच्या दृष्टीने लहान नसते.

पैशांचा हिशोब पूर्णांकांत

वर वजन ग्रॅममध्ये आणि दर पैशांत ठेवायला सांगितला, त्यामागचे कारण स्वतः पाहून घ्यावे. पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येते. ०.२९ ला १०० ने गुणून त्याचा पूर्णांक काढला तर २९ ऐवजी २८ मिळतो. संगणक बिघडलेला नसतो. तो अपूर्णांक दोनच्या घातांत साठवतो, आणि आपल्याला सरळ दिसणारा एक-दशांश त्या पद्धतीत कधीच नेमका बसत नाही, जसा एक-तृतीयांश आपल्या दशांश पद्धतीत कधीच संपत नाही. म्हणून पैशांच्या हिशोबात शक्यतो पूर्णांक वापरावेत. १७,४०० ग्रॅमला ११०० पैशांनी गुणावे, १००० ने भागावे. १९,१४० पैसे, म्हणजे १९१ रुपये ४० पैसे.

वापरणारा मात्र १७.४ असेच टंकणार. त्याचे ग्रॅम करताना अपूर्णांकाच्या वाटेने न जाता मजकूर टिंबावर तोडावा: डावीकडे किलो, उजवीकडे उरलेले. येथे एक खोल खड्डा आहे. उजवीकडचा ४ म्हणजे ४ ग्रॅम नव्हेत, ४०० ग्रॅम, आणि १७.०४ मधला ०४ म्हणजे ४० ग्रॅम. उजवीकडचा तुकडा तीन अंकी होईपर्यंत त्याच्या मागे शून्ये जोडावी लागतात. टिंबच नसेल तर काय, चुकून दोन टिंबे पडली तर काय, कोणी 'साडेसतरा' असे शब्दांत लिहिले तर काय, हे सर्व प्रश्न स्वतःच्या हाताने सोडवावेत. पायथनमध्ये या कामासाठी 'डेसिमल' नावाची तयार सोय आहे. ती नंतर अवश्य वापरावी, परंतु आधी हा तुकडा स्वतः लिहिलेला असेल तरच ती सोय नेमके काय करते हे समजते.

रक्कम रुपयांत पूर्ण करण्यासाठी पायथनची 'राउंड' आज्ञा डोळे झाकून वापरू नये. ती २.५ चे २ करते आणि ३.५ चे ४ करते, कारण नेमक्या अर्ध्यावर ती जवळची सम संख्या घेते. मजुरीत वरचे पैसे कोणाच्या बाजूने पूर्ण करायचे हे गणिताने ठरत नाही. ते मालक आणि मजूर यांनी ठरवायचे असते. जे ठरेल ते प्रोग्रॅममध्ये स्पष्ट लिहावे. पूर्ण रकमेच्या वर पैसे उरले तर पुढचा रुपया द्यावा, हा नियम माझ्या मते योग्य आहे.

शोधण्याचे साधन आणि मराठी अक्षरे

हंगाम अर्धा सरला की फाइलमध्ये शेकडो ओळी जमतात आणि कोणीतरी विचारते, 'दिवाळीच्या आधी माझे किती दिवस भरले?' हे शोधण्यासाठी दुसरे साधन लिहावे: दिलेला शब्द ज्या ओळीत आहे ती ओळ दाखवणारे. केन थॉम्प्सन यांनी १९७० च्या दशकात युनिक्ससाठी लिहिलेले 'ग्रेप' हे साधन मुळात हेच करते, आणि आजही जगभर रोज वापरले जाते. त्याची सर्वांत साधी आवृत्ती पायथनमध्ये पाच-सहा ओळींत होते.

मराठीत मात्र येथेच खरी परीक्षा होते. समजा फाइलमध्ये नावासोबत शेताची खूण म्हणून 'पऱ्हाटी' हा शब्द काही ओळींत लिहिला आहे, आणि तो शोधला असता निम्म्याच ओळी सापडल्या. पडद्यावर सर्व शब्द सारखेच दिसतात. फरक आत असतो. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या अक्षरयादीत देवनागरीसाठी जो भाग राखून ठेवला आहे त्यात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आहे. पण तेच अक्षर साध्या 'र'ला खाली नुक्ता, म्हणजे टिंब, जोडूनही बनते, आणि आडवा रफार 'र', हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) आणि एक अदृश्य जोडचिन्ह मिळूनही काढता येतो. फोनचा कळफलक एक पद्धत वापरतो, संगणकाचा दुसरी. पायथनमध्ये 'लेन' या आज्ञेने शब्दाची लांबी मोजली की गुपित उघडे पडते: पहिल्या पद्धतीने लिहिलेल्या 'पऱ्हाटी'ची लांबी ७ येते, उरलेल्या दोन पद्धतींनी ८. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे पहिला शब्द फाइलमध्ये २१ बाइट जागा घेतो. हेही मोजून पाहावे.

उपाय असा की नोंद फाइलमध्ये जाण्यापूर्वी आणि शोधायचा शब्द तपासण्यापूर्वी, दोन्ही एकाच रूपात आणावेत. पायथनच्या 'युनिकोडडेटा' या भागातील 'नॉर्मलाइझ' ही आज्ञा 'एनएफसी' पद्धतीने वापरली की नुक्ता जोडलेला 'र' आणि स्वतंत्र 'ऱ' एक होतात. अदृश्य जोडचिन्हाची पद्धत तिला कळत नाही. ती बदलण्याची ओळ 'रिप्लेस' वापरून स्वतः लिहावी लागते. 'शेतकऱ्याचा', 'दुसऱ्या' अशा रोजच्या शब्दांतही हाच प्रश्न येतो, त्यामुळे हे एकदा नीट समजून घेतलेला विद्यार्थी मराठी मजकुराचे कोणतेही काम अधिक चांगले करू शकतो. नावांची यादी अकारविल्हे लावून पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसेल: आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'च्या नंतर येतो, युनिकोडमध्ये तो 'ल'च्या लगेच नंतर आहे, म्हणून संगणक 'काळे' हे आडनाव 'कावरे'च्या आधी ठेवतो. हा क्रम आपल्याला हवा तसा लावून घेणे हा उत्तम सराव आहे.

लाईन गेली तर

भारनियमन ज्यांना नित्याचे आहे त्यांनी ही पायरी मुळीच वगळू नये. एखादी जुनी नोंद दुरुस्त करताना प्रोग्रॅम संपूर्ण फाइल नव्याने लिहितो. ती अर्धी लिहून झाली असताना डेस्कटॉपची वीज गेली तर जुनी फाइल गेलेली असते आणि नवी अपुरी असते. म्हणून नवा मजकूर आधी वेगळ्या नावाच्या तात्पुरत्या फाइलमध्ये पूर्ण लिहावा, ती बंद करावी, आणि मगच 'ओएस' या भागातील 'रिप्लेस' आज्ञेने तिला मूळ फाइलचे नाव द्यावे. नाव बदलण्याची ही क्रिया अशी असते की एक तर ती पूर्ण होते किंवा होतच नाही. अधिक खात्रीसाठी फाइल बंद करण्यापूर्वी 'फ्लश' आणि 'एफसिंक' या आज्ञांनी मजकूर प्रत्यक्ष डिस्कवर उतरवून घ्यावा. मोठमोठे डेटाबेसही याच विचाराची अधिक विकसित रूपे वापरतात.

यालाच जोडून तिसरे छोटे साधन लिहावे, जे रोज रात्री हिशोबाच्या फाइलची प्रत त्या दिवसाच्या दिनांकाच्या नावाने पेनड्राइव्हवर ठेवील. प्रोग्रॅमच्या फाइलीही त्यातच ठेवाव्यात. अशा पंधरा-वीस प्रती साठल्या, कोणत्या प्रतीत काय बदलले हे आठवेनासे झाले, की गिट शिकायला घ्यावे. तेव्हा त्यातील प्रत्येक आज्ञेची गरज आधीच कळलेली असते.

दुसऱ्याच्या हातात

स्वतः लिहिलेले साधन स्वतःच वापरत राहिल्यास त्यातील उणिवा दिसत नाहीत, म्हणून ते आई, काका किंवा वही ठेवणारा जो कोणी असेल त्याच्या हातात द्यावे आणि शेजारी बसून काही न बोलता पाहावे. ते कोठे थांबतात, कोणता प्रश्न त्यांना कळत नाही, चुकीचे टंकल्यावर प्रोग्रॅम कोसळतो की पुन्हा विचारतो, हे लिहून घ्यावे. चूक पकडून पुन्हा विचारण्यासाठी 'ट्राय' आणि 'एक्सेप्ट' या आज्ञा आहेत. प्रश्न मराठीत असावेत आणि गावात जसे बोलतात तसे असावेत.

पुढे फोनवर पाहण्याची इच्छा होईल. पायथनमधील 'एचटीटीपी.सर्व्हर' हा भाग एका आज्ञेने चालू होतो आणि स्वतःहून ८००० या पोर्टवर, म्हणजे जोडणीच्या क्रमांकावर, ऐकतो. एकाच हॉटस्पॉटवरच्या दुसऱ्या फोनच्या ब्राउझरमध्ये त्या संगणकाचा पत्ता आणि हा क्रमांक दिला की पान दिसते, त्यासाठी इंटरनेट लागत नाही. मात्र ज्या फोल्डरमध्ये ही आज्ञा दिली त्यातील सर्व फाइली त्या जाळ्यावरच्या प्रत्येकाला उघड होतात. म्हणून त्यात केवळ दाखवायचे पान ठेवावे, हिशोबाची मूळ फाइल नव्हे. मजुरांची नावे, उचल आणि मजुरी ही त्यांची खाजगी बाब आहे. प्रोग्रॅम गिटहब या संकेतस्थळावर सर्वांसाठी ठेवायचा असेल तर त्यासोबत खोट्या नावांची नमुना फाइल ठेवावी.

काय स्वतः लिहू नये

सर्व काही शून्यापासून लिहिण्याचा हट्ट शिकण्यापुरताच धरावा. पासवर्ड साठवणे, मजकूर गुप्त करणे, प्रत्यक्ष पैसे पाठवणे या गोष्टी स्वतः रचू नयेत. त्यांतील चुका वरून दिसत नाहीत आणि नुकसान दुसऱ्याचे होते. दिनांकांच्या गणितासाठीही पायथनमधील 'डेटटाइम' वापरावे. नोंदी हजारोंच्या घरात गेल्या किंवा दोघांना एकाच वेळी लिहायचे असले तर एसक्यूलाइटकडे जावे. २००० सालापासून असलेला हा डेटाबेस पायथनसोबतच येतो, वेगळा घ्यावा लागत नाही.

एआयला विचारून प्रोग्रॅम मिळवणे आता फोनवरही सोपे झाले आहे. त्याचा उपयोग अडलेली चूक समजून घेण्यासाठी करावा. पहिला प्रयत्न मात्र स्वतःचा असावा, आणि मिळालेल्या उत्तरातील जी ओळ समजली नाही ती हिशोबाच्या फाइलला लागू करू नये. वेचणीचा दर मध्येच बदलतो हे त्याला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि ते सांगण्यासाठी आधी आपल्याला ठाऊक असावे लागते.

पहिल्या साधनानंतर दुसरे निवडताना ज्यात नवा प्रश्न असेल असे निवडावे. बचत गटाच्या वहीत व्याज आणि थकबाकी येते. ओलिताच्या पाळीत वेळ येते, कारण शेतीपंपाची वीज कधी दिवसा असते तर कधी रात्री, आणि रात्रीची पाळी बारा वाजता दिनांक ओलांडते. हमाली, तोलाई वजा करून सोयाबीनचा चुकारा किती यायला हवा हे तपासणाऱ्या साधनात बाजार समितीची पावती नीट वाचायला शिकावे लागते. घरातल्या जुन्या पावत्या त्यासाठी जपून ठेवाव्यात; चाचणीसाठी त्यांच्याइतकी चांगली सामग्री मिळणार नाही, कारण त्यांच्यावर प्रश्नही असतो आणि त्याचे उत्तरही.